एका खेचेत उभी राहणारी माशी

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मापखोलीत एक रिव्हॉल्वर परत आलं. सोबत तक्रारीचा कागद होता. "नेम बरोबर धरूनही गोळी डावीकडे जाते," असं एका धान्यकोठाराच्या रखवालदाराने लिहिलं होतं आणि खाली, कुणी न विचारताच, आणखी एक ओळ जोडली होती: "मी तेवीस वर्षं नेम धरतो आहे. दोष माझ्या हातात नाही."

मापवालीने कागद दोनदा वाचला. न बघताच तिला तो माणूस पटला.

कारखान्यात तिला सगळे मापवालीच म्हणत. तिचं मेज नळीच्या प्रवासात बरोबर मध्ये यायचं. पोलादाच्या गोल गजाला आधी आरपार भोक पाडायचं, तो आतून गुळगुळीत करायचा, मग आत पिळाच्या खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी स्वतःभोवती गरगरत सरळ जाते. मग एका टोकाला बाहेरून आटे पाडायचे. एवढं झालं की नळी मापवालीकडे. ती पास करेल तेव्हाच पुढे जुळणीच्या दालनात जाऊन ती रिव्हॉल्वरच्या सांगाड्यात आवळली जाणार. मापवालीचं मुख्य हत्यार म्हणजे आरशासारखी घासलेली, वीतभर लांबीची पोलादी कांडी. नळी उभी धरून ती आत सोडायची. स्वतःच्या वजनाने हळूहळू खालपर्यंत घसरली तर नळी चांगली. अडली तर बाद. खटकन पडली तरी बाद. पास नळीच्या पोटाखाली ती आपली खूण ठोकायची: वर्तुळात एक टिंब. अकरा वर्षं ती हेच करत होती, आणि बाई सरबताची नळीसुद्धा आधी डोळ्याला लावून बघतात, अशी तिची ख्याती होती.

तिने रखवालदाराचं रिव्हॉल्वर रिकामं असल्याची खात्री केली, गोळ्यांचं चक्र काढून ठेवलं, नळी स्वच्छ केली आणि तोंडाकडून कांडी सोडली. कांडी घसरली, घसरली, आणि सांगाड्यात शिरता शिरता बोटभर अंतरावर थांबली.

घाण असेल म्हणून तिने नळी पुन्हा पुसली. कांडी पुन्हा तिथेच थांबली. मग तिने मऊ शिशाची एक गुंडी तेलात बुडवून लाकडी काठीने आत ढकलली. हाताला सगळं नीट कळत होतं. गुंडी लोण्यासारखी गेली, मग दमटपणाने फुगलेल्या दारासारखी एका जागी अडली, जोर लावल्यावर सुटली आणि पुढे पुन्हा मोकळी.

"गळा आवळलाय हिचा," ती स्वतःशीच म्हणाली.

आवळलेली जागा नेमकी आट्यांखाली होती, म्हणजे नळीचा जेवढा भाग सांगाड्यात घुसतो तेवढीच. तिने नळी उलटी केली. पोटाखाली वर्तुळ होतं आणि वर्तुळात टिंब. ही नळी तिनेच पास केली होती. एक तर तेव्हा तिच्या नजरेतून सुटलं, नाहीतर तिच्या हातून गेल्यावर काहीतरी झालं. सुटलं असेल यावर तिचा विश्वास बसेना. पण आपला विश्वास बसत नाही हा काही पुरावा नव्हे, एवढं तिला कळत होतं.

मंगळवारी सकाळी आल्या आल्या तिने तयार मालाच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. आत चाळीस रिव्हॉल्वर होती. गुरुवारी खरेदीदाराचा माणूस येऊन ती बघणार होता आणि घेऊन जाणार होता. साडेनऊला तिने पहिलं हातात घेतलं, पावणेदोनला शेवटचं ठेवलं. चाळीसपैकी अडतीस नळ्यांत कांडी त्याच जागी थांबली. दोन मोकळ्या निघाल्या. जुळणीच्या वहीत तिने त्या दोन्हींचे क्रमांक शोधले. त्या लांब्या नावाच्या जुळाऱ्याने बसवल्या होत्या, ज्या दिवशी जुना जुळारी मामा रजेवर होता त्या दिवशी. उरलेल्या अडतीस मामाच्या.

मामा तसा सगळ्या कारखान्याचाच मामा होता, पण खरी भाची ती एकटी. तिचा नवरा गेला तेव्हा मामाच तिला हाताला धरून फाटकापर्यंत घेऊन आला होता. "हिला नजर आहे, घेऊन बघा," एवढंच तेव्हाच्या साहेबांना म्हणाला होता.

अडतीस लाल चिठ्ठ्या लिहायला तिला वीस मिनिटं लागली. बांधायला मात्र अर्धा तास लागला.

इथे मामाच्या खेचेबद्दल सांगायला हवं. नळी सांगाड्यात हाताने फिरवत न्यायची, आट्यांमागची तिची जाड कड, म्हणजे खांदा, सांगाड्याला टेकला की ती थांबते. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते. खांदा टेकतो तेव्हा ही माशी किंचित कललेली असायला हवी. उरलेलं वळण पान्याने द्यायचं, म्हणजे माशी बरोबर डोक्यावर उभी राहते आणि नळीही घट्ट बसते. माशी जास्त कललेली राहिली तर नळी काढायची, खांद्यावर रेघ आखायची, रेघेपर्यंत केसभर खरवडायचं, आणि पुन्हा बसवून बघायचं. थोडं जास्त खरवडलं गेलं तर माशी पुढे निघून जाते आणि नळी फुकट. कंटाळवाणं, डोळेफोड काम. मामाने ते तीस वर्षं केलं. एका नळीला वीस मिनिटं लागायची.

गेल्या वर्षभरात मात्र मामाने खरवडणं सोडून दिलं होतं. तो लांब दांड्याचा पाना लावायचा, पाय रोवायचा आणि एकदाच खेचायचा. माशी सैनिकासारखी उभी! सहा मिनिटांत नळी तयार. साहेब खूश झाले. पाहुणे आले की त्यांना आधी मामाच्या मेजापाशी आणायचे. एकदा एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या, तेव्हापासून टाळ्या वाजवायची पद्धतच पडली. लांब्याला आणि दुसऱ्या एका जुळाऱ्याला सांगून झालं होतं, "मामाची खेच शिकून घ्या." लांब्याला काही ती जमली नव्हती. तो आपला खरवडत बसायचा आणि शिव्या खायचा.

खेचेने माशी उभी राहत होती, पण जास्तीचं पोलाद जाणार कुठे? खांदा दबायचा, आट्यांवर ताण यायचा आणि नळी तिथे आतून आवळली जायची. बाहेरून सगळं देखणं, आत कुणी बघतच नव्हतं. मापं तर बसवायच्या आधीच झालेली असायची.

तीन वाजता साहेब मापखोलीत आले. साहेब ओरडणारे नव्हते. ते रागावले की हसत बोलायचे, आणि त्यांचं हसणं बघून लोक आपापल्या कामाला लागायचे.

"बाई, अडतीस लाल चिठ्ठ्या? हिरव्या संपल्या होत्या का?"

"नाही साहेब, हिरव्या भरपूर आहेत. दोन वापरल्या."

"तुमचं काम नळी बसवायच्या आधी संपतं."

"नळीचं काम बसवल्यावर सुरू होतं."

साहेबांचं हसू थोडं रुंद झालं. "बसवल्यावर माप घ्यायचं असं कुठल्या नियमात लिहिलंय, मला दाखवाल?"

"कुठल्याच नाही. म्हणून तर वर्षभर कुणाला दिसलं नाही."

"म्हणजे मामाला येत नाही, मला कळत नाही, आणि तुम्हाला तेवढं दिसलं."

"मला नाही दिसलं. कांडीला दिसलं. तुम्ही टाकून बघा."

साहेबांनी कांडीला हात लावला नाही. "उद्या दुपारपर्यंत चिठ्ठ्या काढा. नाहीतर उद्यापासून तुम्ही पॅकिंगमध्ये. खोकी बांधायला नजर लागत नाही."

"पॅकिंगमध्ये गेले म्हणून डोळे मिटून बसणार नाही मी."

"बघू," साहेब म्हणाले आणि दार न लावता गेले. बाहेरच्या सगळ्यांना ऐकू गेलंच होतं.

संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई दारातच उभी.

"ज्याने तुला हाताला धरून नेलं, त्याच्याच पोटावर पाय देतेस?"

"पोटावर नाही गं आई. नळ्यांवर चिठ्ठ्या बांधल्यात."

"माझा भाऊ आहे तो."

"मला माहीत आहे कोण आहे तो."

"त्याने आयुष्यात कुणाचं काम बिघडवलं नाही."

"मग तुला कुणी सांगितलं बिघडलं म्हणून? मी तर अजून त्याचं नावसुद्धा घेतलं नाही." आई चहाचं आधण ठेवायला आत गेली, कारण जिन्यावर मामाची पावलं वाजली होती.

मामा आत आला, टेबलाशी बसला. नेहमीसारखं कुणाची चौकशी नाही, काही नाही.

"अडतीस?"

"अडतीस."

"मोजलेस?"

"दोनदा."

"आणि सुटले ते दोन कुणाचे?"

तिला हेच सांगायचं नव्हतं. "लांब्याचे."

मामा मोठ्याने हसला. "लांब्याचे! ज्याला खांदा कुठला आणि मान कुठली ते मी शिकवलं, त्याच्या पास आणि माझ्या नापास!"

"तो खरवडतो, मामा. तू खेचतोस."

"माझ्या खेचेला बाहेरचे लोक टाळ्या वाजवतात, पोरी."

"बाहेरचे लोक बाहेरूनच बघतात."

आईने चहा आणून ठेवला. मामाने कपाच्या कानाकडे हात नेला. बोटं कानाच्या बाजूला हवेत मिटली. मग त्याने कपच चाचपून घट्ट धरला, आणि गरम लागला तरी सोडला नाही. मापवाली बघत राहिली.

"मामा," ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "किती वाजले बघ रे."

मामाने भिंतीकडे मान वळवली. घड्याळ समोरच होतं, ताटाएवढं. "तुझ्या घरचं घड्याळ कधी बरोबर असतं?" तो म्हणाला.

घड्याळ बरोबर होतं. आईच्या हातातली बशी वाजली. तिलाही कळलं.

"मामा, तू डोळे—"

"उद्या सगळ्यांसमोर दाखव काय ते," मामा उठत म्हणाला. "मी पण बघतो."

बघशील? हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिने तो गिळला. मामा कठड्याला धरून जिना उतरला.

बुधवारी अकरा वाजता साहेबांनी जुळणीच्या दालनातली यंत्रं थांबवली. मामाच्या मेजाभोवती वीस-बावीस माणसं गोळा झाली. साहेबांनी अडतिसांतलं एक रिव्हॉल्वर स्वतः निवडलं, अगदी मधलं.

"मामा, ही नळी काढा," साहेब म्हणाले. "बाई म्हणतात तिचा गळा आवळलाय. काढून बघू या."

मामाने सांगाडा शिकंज्यात धरला, पाना लावला, दोन हिसक्यांत नळी सैल केली आणि फिरवून काढली. हात कसे अचूक चालत होते! सगळं स्पर्शाने. साहेबांनी नळी उभी धरली आणि मापवालीचीच कांडी तिच्यात सोडली. कांडी शांतपणे घसरत पार खाली आली आणि साहेबांच्या तळहातावर विसावली.

दालनात हशा पिकला. "गळा सुटला हो!" लांब्या ओरडला. "आता गाणं होऊन जाऊ दे!"

"बाई," साहेब म्हणाले, "चिठ्ठ्या तुम्ही काढता, की आम्ही काढू?"

तिने हे धरलंच नव्हतं. कालपासून अडतीस वेळा अडलेली कांडी सगळ्यांदेखत सुळकन गेली होती. क्षणभर तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. अकरा वर्षांचा माज नडला. मामा समोर उभा होता, हात पुसत. तो हसत नव्हता. सगळ्या दालनात फक्त तोच हसत नव्हता, आणि ते बघून तिचं डोकं थाऱ्यावर आलं. नळी आवळली गेली होती ती धरून ठेवल्यामुळे. सोडल्यावर पोलादाने सुटकेचा श्वास घेतला, एवढंच.

"आता परत बसवा," ती म्हणाली.

"कशाला? तपासणी झाली."

"सुटी नळी हातात धरून कुणी गोळी झाडत नाही, साहेब."

या वेळी हशा दुसऱ्या बाजूने आला. साहेबांनी मागे वळून बघितलं तसा तो विरला.

"मामालाच बसवू दे," ती म्हणाली. "त्याला हवं तसं. खरवडून बसव म्हणा, खेचून बसव म्हणा. मी मध्ये बोलणार नाही."

साहेबांनी खांदे उडवले. मामाने नळी आट्यांत धरली आणि हाताने फिरवत नेली. खांदा टेकला. माशी कललेली राहिली. खांदा एकदा दबलेला, त्यामुळे पहिल्या वेळेइतकी नाही, पण असायला हवी त्यापेक्षा बरीच जास्त. दालनातल्या प्रत्येक जुळाऱ्याला कळलं की ही खरवडायला हवी.

मेजावर खरवडणी होती, रेघ आखायची सुई होती. मामाने नळी पुन्हा काढली. सुई उचलली. नळी डोळ्यांजवळ आणली, हातभर अंतरावर, मग वीतभर, मग इतकी जवळ की पोलाद नाकाला लागलं. सुईचं टोक खांद्यावर टेकायला गेलं आणि घसरून आट्यांत पडलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. लांब्याने मान खाली घातली.

मामाने सुई ठेवली, नळी बसवली आणि पाना उचलला. पाय रोवले आणि खेचलं. कसलीही कुचराई नाही, पूर्ण ताकदीने, सवयीने, रागाने. माशी उभी राहिली. कुणीतरी एकाने टाळीसाठी हात वर नेले आणि तसेच खाली आणले.

"टाका," मापवाली म्हणाली.

साहेबांनी तोंडाकडून कांडी सोडली. ती बोटभर अंतरावर थांबली. साहेबांनी रिव्हॉल्वर हलवलं. कांडी जागची हलली नाही.

"कांडी झिजली असेल," साहेब म्हणाले.

"झिजली असती तर सैल झाली असती. अडली नसती."

"हे मात्र खरंय साहेब," लांब्या म्हणाला आणि लगेच छताकडे बघायला लागला.

साहेबांनी रुमालाने हात पुसले. आता ते अजिबात हसत नव्हते. "ठीक आहे. हे एक बाद. बाकी सदतीस जातील. नियमाने त्यांची मापं झालेली आहेत, तुमच्याच खुणेने झालेली आहेत."

"अडतीस बाद."

"बाई, उद्या सकाळी त्यांचा माणूस येतोय."

"येऊ दे. त्याच्या हातात कांडी मी देते."

"तुम्ही आत्तापासून पॅकिंगमध्ये."

"बरं. अडतीस बाद."

"अडतीस नाही," मामा म्हणाला.

साहेबांचा चेहरा सैल झाला. "बघा. आता आपल्या मामाचं तरी ऐका."

"दोनशे चोपन्न," मामा म्हणाला. "ही अडतीस, आणि याआधी गेलेली दोनशे सोळा. डोळ्यांवर पडदा आला तेव्हापासूनची सगळी. रेघ दिसत नाही मला. रेघ दिसली नाही तर खरवडणार काय?" तो साहेबांच्या दिशेने बघत होता, थोडं बाजूला. "पहिल्यांदा खेचली त्या दिवशी वाटलं होतं, आता साहेब येऊन झापतील. साहेब पाहुणे घेऊन आले."

मापवालीला आईचा आवाज आठवला: त्याने आयुष्यात कुणाचं काम बिघडवलं नाही. मामाने आत्ता एका दमात दोनशे चोपन्न सांगितले होते, आकडा न चुकता. म्हणजे तो रोज मोजत होता.

"गेली ती गेली," साहेब दातांतून म्हणाले. "दोनशे सोळांतून एकच तक्रार आली आहे."

"कारण एकालाच आपल्या हाताची खात्री होती," मापवाली म्हणाली. "बाकीचे स्वतःला दोष देत असतील. किंवा अजून झाडायची वेळ आली नसेल."

"आणि प्रत्येक नळीवर खूण तुमची आहे. बाहेर कळलं तर पहिलं नाव तुमचं येईल, लक्षात घ्या."

"पहिलं माझंच लिहिते."

तिने तिथेच, मामाच्या मेजावर कागद ओढला. काय आढळलं, कसं आढळलं, किती नळ्या, मापं कुणी घेतली, बसवल्या कुणी, खेच कुणाच्या सांगण्यावरून चालू राहिली. सहा वाक्यं. खाली सही केली आणि कागद मामापुढे सरकवला.

"मामा, हे काय करताय?" साहेबांनी विचारलं.

"सही. ही मला न बघता येते," मामा म्हणाला. मापवालीने कागदावर बोट टेकवलं आणि मामाने तिच्या बोटाशेजारी, भल्या मोठ्या अक्षरात, आपलं नाव काढलं.

साहेबांनी कागद उचलला, चार घड्या घालून खिशात टाकला. "वाचेन सावकाश. बाई, पॅकिंग. आणि ही सदतीस आजच बांधून झाली पाहिजेत."

मापवाली पॅकिंगमध्ये गेली. तिथे सहा बायका होत्या आणि त्यांच्यावर एक मोठी बाई, जिच्या तोंडाला सगळे टरकून असत. तिने मापवालीला वरून खालपर्यंत बघितलं.

"या, मोजून खोकी बांधा. कोपरे काटकोनात हवेत का?"

"मी ही बांधणार नाही."

"मग आम्हाला बांधायला लागतील. आम्हाला हुकूम आहे."

"बांधा," मापवाली म्हणाली. "खोक्यात रिव्हॉल्वरबरोबर वापराची पत्रिका टाकता ना?"

"टाकतो."

"आज आणखी एक कागद टाकायचा आहे." तिने पाठ असलेली सहा वाक्यं पुन्हा लिहून काढली आणि कागद मोठ्या बाईकडे दिला. मोठ्या बाईने ओठ हलवत तो वाचला, मध्येच थांबून "मामाचे डोळे गेलेत?" असं विचारलं, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"सदतीस वेळा लिहायचं?"

"हो."

"तुझं अक्षर तरी बरं आहे. आमच्यातल्या दोघींनाच नीट लिहिता येतं." तिने हाक मारून त्या दोघींना बसवलं. अर्ध्या तासाने लांब्या काहीतरी शोधत असल्यासारखा आत आला, आणि त्याच्याही हातात पेन देण्यात आलं. त्याने पहिल्याच कागदावर 'आवळला'तला एक काना जास्त काढला, तर मोठ्या बाईने तो फाडायला लावला. मग मामा आला. दिसत नसल्याने त्याला लिहिता येत नव्हतं, तो शेवटी सही करायचा. प्रत्येक कागदावर मापवाली बोट टेकवायची आणि मामा बाजूला नाव काढायचा. विसाव्या कागदापाशी तो म्हणाला, "इतक्या सह्या तर माझ्या लग्नात पण झाल्या नव्हत्या."

"लग्नात खेच चालत नाही ना, मामा," लांब्या म्हणाला. मामाने आवाजाच्या दिशेने खडूचा तुकडा फेकला. तो बरोबर लागला.

साडेचारला सदतीस खोकी दाराशी रचलेली होती. साहेब बघायला आले. वरचं खोकं त्यांनी सहज उघडलं, कागद वाचला. दुसरं उघडलं. तिसरं. पाचव्यातला कागद त्यांनी वाचलासुद्धा नाही.

"हे सगळे काढा," ते म्हणाले. कुणी उठलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच काढायला सुरुवात केली. सदतीस खोकी उघडायला त्यांना बराच वेळ लागला. खोकी नीट बांधलेली होती. जमिनीवर कागदांचा ढीग झाला.

"झालं?" मापवालीने विचारलं. "आता आम्ही परत लिहितो. कागद भरपूर आहे."

मोठ्या बाईने नवा गठ्ठा फोडला आणि दोघींच्या पुढे ठेवला. लांब्याने पेनाचं टोपण काढलं. मामा आपल्या जागेवर सरळ बसला, सहीला तयार.

साहेबांनी त्या ढिगाकडे बघितलं, मग एकेकाच्या हाताकडे. शेवटी ते दारापाशी गेले, भिंतीवरच्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलला आणि खरेदीदाराच्या कचेरीचा नंबर मागितला.

"उद्या येणाऱ्या माणसाला निरोप द्या," ते म्हणाले. "चाळीस नाहीत. दोन तयार आहेत. हो, दोन." ते टेलिफोन ठेवायला वळले.

मापवाली त्यांच्या वाटेत उभी होती.

"ठेवू नका," ती म्हणाली. "गेलेल्या दोनशे सोळांचंही आत्ताच सांगा."